बँकेच्या ई-लिलावातला फ्लॅट: बोली कुठे थांबवायची?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात छापलेल्या त्या नोटिसा सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. 'तमाम जनतेस कळविण्यात येते की...' इथून सुरुवात, मग कर्जदाराचं नाव, फ्लॅटचा पत्ता, राखीव किंमत आणि 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे' हा न चुकणारा मंत्र. आता हेच फ्लॅट मोबाइलवर फोटोसकट दिसतात. सरकारी बँकांच्या लिलावांसाठी जानेवारी २०२५ मध्ये 'बँकनेट' हे एकत्र पोर्टल सुरू झालं. तेव्हापासून नोकरदार माणूसही 'साठ लाखांचा फ्लॅट पंचेचाळीसला' असं वाचून थबकतो.

थबकायला हरकत नाही. मात्र बोली लावण्याचं खरं काम लिलावाच्या तासाभरात होत नाही, ते आधीच्या महिन्याभरात कागदावर वजाबाकी करताना होतं. लिलावाच्या दिवशी उरतं फक्त हुकूम पाळणं, आणि तो हुकूम आपणच आपल्याला दिलेला असतो.

आधी चार शब्द

कर्ज थकलं की सरफेसी कायद्याखाली (२००२चा कायदा) बँक कोर्टात दावा न लावता तारण घर विकू शकते. त्यासाठी आधी कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग विक्रीची जाहीर नोटीस. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस लागते. तो लिलाव फसला तर पुढच्या वेळी १५ दिवस पुरतात.

राखीव किंमत म्हणजे बँकेने मूल्यमापकाचा अहवाल घेऊन ठरवलेला तळ. ईएमडी म्हणजे बोलीत उतरण्याआधी भरायची अनामत रक्कम, बहुतेक वेळा राखीव किमतीच्या १० टक्के. बोलीवाढ म्हणजे एका पायरीची उंची: आधीच्या बोलीपेक्षा किमान इतक्याने वर जावं लागतं. आणि वेळवाढ म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत (काही ठिकाणी दहा) कुणी बोली लावली की घड्याळ आपोआप तेवढंच पुढे सरकणं. या चौथ्या शब्दामुळे बोलीची अख्खी चाल बदलते.

शेवटच्या सेकंदाला बोली टाकली तर?

ही युक्ती ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावरून आली आहे. तिथे लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होतो, म्हणून लोक शेवटच्या दहा सेकंदांत बोली फेकतात. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरत नाही. अर्थतज्ज्ञ अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. ॲमेझॉनवर शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढायची. तिथे अशा ऐनवेळच्या बोल्या खूपच कमी होत्या, कारण त्यातून काही साधतच नव्हतं.

बँकांचे लिलाव दुसऱ्या जातीचे. तुम्ही ११ वाजून ५९ मिनिटं ५० सेकंदांनी बोली टाकली की घड्याळ पुढे सरकतं आणि समोरचा चहाचा घोट घेऊन उत्तर देतो. फायदा शून्य. तोटा मात्र होऊ शकतो. नेट अडकलं, पान गोल गोल फिरत राहिलं, तर वेळ सर्व्हरच्या घड्याळाने संपते आणि 'तांत्रिक बिघाडाला बँक जबाबदार नाही' हे नोटिशीत आधीच छापलेलं असतं.

त्यात आणखी एक मेख आहे. वेळ वाढते ती बोली आली तरच. सगळेच एकमेकांची वाट बघत बसले आणि कुणीच बटण दाबलं नाही, तर लिलाव मुकाट्याने बंद होतो. म्हणून शेवटची वीस-पंचवीस मिनिटं उरली असताना पहिली बोली टाकून मोकळं व्हावं. कुठल्या मिनिटाला बोली लावायची या प्रश्नाचं एवढंच उत्तर आहे.

मग डावपेच कशात आहे?

समजा तुमची कमाल मर्यादा ४८.२५ लाख आहे, बोलीवाढ २५ हजार आहे आणि समोर एकच माणूस आहे. त्याची मर्यादा ४७ लाख असेल तर तो तिथे थांबेल आणि फ्लॅट तुम्हाला ४७ किंवा फार तर ४७.२५ लाखांना मिळेल, तुम्ही ४८.२५पर्यंत जायला तयार होता हे कुणाला कळणारही नाही. त्याची मर्यादा ४९ असेल तर तुम्ही हराल, आणि हरणंच बरोबर ठरेल, कारण जिंकण्यासाठी तुम्हाला स्वतःच्याच हिशोबापेक्षा जास्त मोजावे लागले असते. दोन्ही वेळा तुम्ही भरता ती किंमत दुसऱ्याच्या थांबण्यावर ठरते. तुमच्या चलाखीचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये हा विचार नीट मांडला आणि १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. (हो, लिलावावर लिहिणाऱ्याचं आडनावच विक्री!) ईबेवरची आपोआप बोलीही याच तत्त्वावर चालते: तुमचा कमाल आकडा यंत्राला सांगा, ते गरजेपुरतंच वर जाईल.

तेव्हा चढत्या बोलीच्या लिलावात डावपेच म्हणजे आपला आकडा खरा काढणं आणि तो आला की थांबणं. यातलं पहिलं काम किचकट आहे, दुसरं जिवावर येणारं.

आकडा काढायचा कसा?

उलट्या दिशेने. राखीव किमतीपासून वर चढत जायचं नाही, बाजारभावापासून खाली उतरायचं. पुण्यातल्या एका काल्पनिक फ्लॅटचा हिशोब बघू: राखीव किंमत ४५ लाख, ईएमडी ४.५ लाख, बोलीवाढ २५ हजार. सांकेतिक ताबा, म्हणजे बँकेने दारावर नोटीस डकवली आहे, पण आत माणसं राहतात.

पहिला प्रश्न: हाच फ्लॅट नेहमीच्या बाजारात, मोकळा, कितीला मिळाला असता? जाहिरातीतले भाव धरू नका, ते विकणाऱ्याच्या मनातले असतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' आहे. तिथे त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) निघतात आणि नोंदवलेली किंमत दिसते. समजा ती ६० लाख आहे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क ४.२० लाख आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे सरळमार्गाने घेतला असता तर खिशातून एकूण ६४.५० लाख गेले असते. लिलावातला फ्लॅट सगळा खर्च धरून याच्या आत बसला पाहिजे.

आता वजाबाकी. सोसायटीची थकबाकी २.४० लाख. कर्ज थकवणाऱ्याने मेंटेनन्स वेळेवर भरला असेल अशी आशा नको, आणि थकबाकी भरल्याशिवाय सोसायटी सभासदत्व सहजी देत नाही. मालमत्ता कर आणि वीजबिल ६० हजार. दुरुस्ती ३ लाख. बंद घरातली गळती किंवा जाताना उपटून नेलेले नळ नोटिशीत लिहिलेले नसतात. वकील आणि कागदपत्रांचा शोध ५० हजार. नोंदणी फी ३० हजार. ताबा मिळायला आठ महिने धरले तर तेवढे दिवस अडकलेल्या सुमारे ४८ लाखांवर ९ टक्क्यांनी २.८८ लाख व्याज. इथे पुष्कळ जण व्याजही धरतात आणि त्या काळात भरलेलं घरभाडंही धरतात. तसं करू नका. नुकसान एकच आहे, दोनदा मोजलं जातं. दोन्हींपैकी मोठा आकडा घ्या आणि पुढे चला.

बेरीज ९.६८ लाख. ६४.५० मधून ती गेली की उरतात ५४.८२ लाख. यातूनच बोली आणि तिच्यावरचं ७ टक्के शुल्क भागवायचं, म्हणून १.०७ ने भागा: ५१.२३ लाख. (लिलावात शुल्क बोलीच्या रकमेवर की रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, दरावर, हे दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून ठेवा. हिशोब हलू शकतो.)

५१.२३ हा बरोबरीचा आकडा झाला. एवढं मोजलं तर तुम्ही नेहमीच्या खरेदीइतकाच पैसा खर्च करून वर आठ महिन्यांची डोकेदुखी फुकटात घेतलीत. त्या डोकेदुखीची आणि न दिसणाऱ्या धोक्यांची किंमत निदान ३ लाख धरा. ५१.८२ भागिले १.०७, म्हणजे ४८.४३ लाख. २५ हजारांच्या पायऱ्यांवर हा आकडा ४८.२५ ला बसतो.

जाहिरातीत १५ लाखांची बचत दिसत होती. प्रत्यक्षात तळ आणि तुमची मर्यादा यांत सव्वातीन लाख उरले, म्हणजे १३ पायऱ्या.

पण दुसरे जास्त देतायत, म्हणजे त्यांना काही माहीत असेल ना?

असेल. नसेलही. मालवणच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव होतो तेव्हा ढीग सगळ्यांसमोर पडलेला असतो. कल्ले उचलून बघता येतात. आता कल्पना करा की टोपली झाकलेली आहे आणि दहा जण आतल्या सुरमईचा अंदाज करतायत. कुणी कमी धरेल, कुणी जास्त. सरासरी अंदाज कदाचित खऱ्याच्या जवळ असेल. पण टोपली सरासरीवाल्याला मिळत नाही. ज्याने सगळ्यांत जास्त धरलं, म्हणजे बहुधा ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकला, त्याला मिळते.

याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी, केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल यांनी, तो पहिल्यांदा नीट दाखवला. समुद्रतळाखालच्या तेलाचे पट्टे बोलीने घेणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी परतावा का मिळतो, याचं ते उत्तर होतं.

झाकलेला फ्लॅट हीही तशीच टोपली आहे. त्यातून एक उलटा वाटणारा नियम निघतो: बोली लावणारे जितके जास्त, तितका आपला आकडा अधिक सावधपणे धरायचा. दहा जणांतून जिंकलात, तर नऊ जणांना जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नाही अशी शक्यता वाढते. मनाचा ओढा बरोबर उलट असतो. गर्दी बघून माणसाला वाटतं, माल चांगला असणार.

टोपलीचं झाकण थोडं उचलता येतं. पाहणीची तारीख नोटिशीत असते, तेव्हा जा. आत सोडलं नाही तरी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. थकबाकी, गळती, आत कोण राहतं, भाडेकरू आहे का, हे अर्ध्या तासात कळतं. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारा: ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा ताब्याचा आदेश झालाय का, डेट रिकव्हरी ट्रिब्युनलमध्ये (कर्जवसुलीचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) काही प्रलंबित आहे का. उत्तरं ईमेलवर घ्या. प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असेल तर वरच्या हिशोबातलं व्याज जवळपास गळून पडतं आणि धोक्याचे ३ लाखही कमी करता येतात. एवढ्या एका माहितीची किंमत दोन-चार लाख होते.

लिलावाच्या तासात काय बिघडतं

पोर्टलवरची नोंदणी, केवायसी आणि ईएमडी निदान तीन-चार दिवस आधी पूर्ण करा. पैसे पाठवले पण त्या विशिष्ट मालमत्तेशी जोडले गेले नाहीत, म्हणून लोक बाहेर राहतात.

बोली टाकताना शून्यं मोजा. लावलेली बोली मागे घेता येत नाही.

कुणी एकदम लाखाची उडी मारली तर दचकू नका. ती उडी घाबरवण्यासाठी असते आणि मारणाऱ्यालाच महाग पडू शकते: ४६.२५ ला मिळालं असतं ते त्याने ४७ ला नेलं. उडीचा एकच माफक उपयोग आहे. दोघेच उरलात आणि एक-एक पायरी चढताय, तर तुमच्या शेवटच्या पायरीवर तुम्ही पोहोचणार की तो, हे सम-विषमावर ठरतं. ४८ वर तुम्ही उभे असाल तर ४८.२५ तो घेईल आणि तुम्हाला ४८.५० मागेल, म्हणजे मर्यादेच्या वर. हे दोन-चार पायऱ्या आधी ओळखून एकदा दुप्पट पायरी चढलात तर पाळी उलटते. पोर्टल बोलीवाढीच्या पटीत बोली घेत असेल तरच हे जमतं.

खरा घात 'फक्त २५ हजार' या शब्दांत आहे. मर्यादा ओलांडून आणखी दहा क्लिक म्हणजे अडीच लाख. पडद्यावर ते अर्ध्या तासात होतं. ३६ लाखांच्या कर्जावर २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३२,४०० रुपये येतो. म्हणजे ते दहा क्लिक जवळपास आठ महिन्यांच्या हप्त्याएवढे. म्हणून आकडा कागदावर लिहा, आणि शक्य असेल तर माउस घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तो फ्लॅट आवडलेला नाही.

जिंकलो, पण पैसे जमले नाहीत तर?

तर फार महागात पडतं. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, ईएमडी धरून २५ टक्के भरायचे. ४८.२५ लाखांवर ते १२,०६,२५० रुपये. ईएमडी वजा जाता ७,५६,२५० रुपये चोवीस तासांत तयार हवेत. उरलेले ३६,१८,७५० रुपये विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मान्यतेने मुदत वाढू शकते, पण एकूण तीन महिन्यांच्या वर नाही.

पंधरा दिवसांत नवं गृहकर्ज मंजूर होऊन रक्कम हातात पडणं कठीण, त्यातून घरात दुसरं कुणी राहत असेल तर कर्ज देणारी बँक आणखी ताणते. म्हणून बोलीच्या आधीच कर्जाची पूर्वमंजुरी घ्या आणि ती 'लिलावातल्या, सांकेतिक ताब्याच्या मालमत्तेला' चालते का हे त्या बँकेकडून लिहून घ्या.

पूर्ण पैसे भरले नाहीत तर भरलेले २५ टक्के जप्त होतात. 'बँकेचं खरं नुकसान तेवढं झालंच नाही, मग सगळे कसे घेता?' हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १२.२७ कोटींच्या त्या लिलावात बोली जिंकणाऱ्याने ३ कोटींहून जास्त भरले होते आणि उरलेले वेळेत भरता आले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने पूर्ण जप्ती योग्य ठरवली.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची असते. बोली ४८ लाखांची असली तरी मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य ५० च्या वर असेल तर हा नियम लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मूळ मालक पैसे घेऊन आला तर?

पूर्वी ही भीती मोठी होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराला थकबाकी भरून घर सोडवण्याची संधी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं एक प्रकरण इथे बोलकं आहे. राखीव किंमत १०५ कोटी, आधीचे आठ लिलाव फसलेले, नवव्या वेळी १०५.०५ कोटींना बोली जिंकली गेली. मग कर्जदार १२९ कोटी घेऊन आला आणि उच्च न्यायालयाने त्याला मालमत्ता सोडवू दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि बोली जिंकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे कायदा बोली जिंकणाऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे. पण नोटिशीची मुदत पाळली नाही, मूल्यमापन चुकीचं केलं, अशा हरकती घेऊन कर्जदार ट्रिब्युनलमध्ये जाऊ शकतो आणि तेवढा काळ तुमचे पैसे अडकतात. धोक्याचे ३ लाख त्यासाठीच धरले होते.

थांबलो तर पुढच्या वेळी स्वस्त मिळेल?

वरच्या प्रकरणातले आठ फसलेले लिलाव आठवा. बोलीच आली नाही तर बँक पुष्कळदा राखीव किंमत खाली आणून पुन्हा नोटीस काढते. तेव्हा राखीव किंमतच तुमच्या मर्यादेच्या वर असेल तर उतरूच नका. पुढच्या नोटिशीवर लक्ष ठेवा. मर्यादेच्या आत असेल तर केवळ आणखी खाली येईल या आशेने थांबणं हा जुगार आहे, कारण दुसऱ्या कुणी एकच बोली लावली तरी अनेक बँका ती स्वीकारतात. एकट्याची बोली चालते का आणि पहिली बोली राखीव किमतीलाच चालते की एक पायरी वर लागते, हे नोटिशीच्या अटींत असतं.

आणि हरलात तर ईएमडी बिनव्याजी परत येते. फाइल मात्र टाकून देऊ नका. जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत तर मालमत्ता आपोआप दुसऱ्या क्रमांकाला जात नाही, तिचा पुन्हा लिलाव होतो. त्या वेळी सोसायटीची थकबाकी तेवढी नव्याने विचारून घ्या. दर महिन्याला ती वाढलेली असते.